बिस्किटी रंगाची गाडी

शेवगावचे पाहुणे कांद्याच्या ट्रकमधून काष्टीत उतरले आणि त्या दिवसापासून दांगटांच्या घरात कुणाचा कुणावर भरवसा उरला नाही.

नगरच्या स्टँडवर तुमच्यासाठी मोटार उभी असेल, असं आप्पासाहेबांनी पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं. मोटार उभी होतीही. लांबलचक, बिस्किटी रंगाची, विलायती. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा जड आवाज यायचा. चालवायला आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ सूर्यभान होता. लष्करात ट्रक चालवून आलेला गडी, त्यामुळं तीही काळजी नव्हती. पण विसापूर फाट्याच्या अलीकडं, कुणी हात लावला नसताना, गाडीचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. मग वायर जळल्याचा वास आला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि भर उन्हात गाडीनं मान टाकली. सूर्यभाननं कांद्याचा एक ट्रक थांबवला. मुलाच्या चुलतीला ड्रायव्हरशेजारी बसवलं, मुलाचा चुलता गहिनीनाथ आणि सोबतची म्हातारी माणसं गोण्यांवर चढली, त्यांच्याबरोबर सूर्यभानही.

रतनबाई, म्हणजे आप्पासाहेबांची बायको, पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्या लेकीला, कलाला, बघायला येणारे पाहुणे धोतरावरची कांद्याची फोलपटं झटकत आले. त्यांनी कलाला पाहिलं, पोळीचं जेवण केलं, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. निघताना गहिनीनाथ एवढंच म्हणाले, "इचार करून कळवतो."

'कळवतो' म्हणजे नकारच, असं रतनबाईला वाटलं. दिवस मावळायच्या आत बैलजोडीनं ओढत गाडी दारात आली. पाहुण्यांना दारात सोडून तसाच माघारी गेलेला सूर्यभान बैलांच्या पुढं चालत होता. त्यानं मान वर केली नाही आणि आप्पासाहेबांनी त्याला 'जेवलास का' म्हणून विचारलं नाही.

गाडी दिवाळीत आली होती. आप्पासाहेबांना साखर कारखान्याच्या संचालकाची निवडणूक लढवायची होती, आणि मोटारीतून उतरणाऱ्याला लोक आधी नमस्कार करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुण्याला राहणारे त्यांचे मेहुणे, म्हणजे धाकटी बहीण आक्काबाई हिचे यजमान कानिफनाथ, यांनी ती जमवून दिली. "एका मोठ्या माणसानं फक्त सणावाराला काढलेली गाडी," असं ते म्हणाले होते. सूर्यभान तेव्हा एकटाच नको म्हणत होता. "आप्पा, त्यापरीस इहिरीवर इंजान बसवू. ऊस वाळतोय."

तेव्हापासून गाडीचं काही ना काही चालूच होतं. सकाळी सेल्फ घ्यायची नाही, चार माणसांनी ढकलावी लागायची. काच खाली गेली की वर यायची नाही. ब्रेकचा पाय कधी घट्ट लागायचा, कधी लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा. नगरचे मिस्त्री बॉनेट उघडून बघायचे आणि "याचं सामान इकडं मिळत नाही" म्हणून हात पुसायचे. मग कानिफनाथ पुण्याहून काहीतरी जुनं सामान आणायचे, गाडी महिनाभर चालायची, पुन्हा बसायची. त्यात दमट हवा सुटली की आत कुबट वास यायचा. जनावरं शेजारी बांधतो म्हणून असेल, असं रतनबाई समजत होती.

पाहुण्यांच्या जेवणासाठी आलेले कानिफनाथ आणि आक्काबाई अजून घरातच होते. पाहुणे गेल्यावर कानिफनाथ आप्पासाहेबांच्या शेजारी बसून सुपारी कातरत हळूच म्हणाले होते, "आप्पासाहेब, एक सांगू? खोट गाडीत नसते. माणसात असते. ज्याला गाडी नकोच होती, त्याच्याच हातात किल्ली."

आणि रतनबाईनं त्या आगीत आपली काडी घातली होती. तिनं नवऱ्याला सांगितलं, "आज सकाळी रंगू गाडीत शिरली हुती. दार लावून घेतलं हुतं. पदराखाली काय तरी झाकून नेलं हुतं तिनं."

रंगुबाई म्हणजे सूर्यभानची बायको. हे सांगताना रतनबाईला काही वाईट वाटलं नव्हतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय कलाचं लग्न मोठ्या घरात ठरतंय म्हटल्यावर धाकट्या जावेचं तोंड उतरलंय, असा तिला बरेच दिवस संशय होता.

दुसऱ्या दिवशी आंघोळी झाल्या झाल्या आप्पासाहेबांनी सूर्यभानला देवघरात बोलावलं. घरातली सगळी दारात जमली. खंडोबाच्या टाकापुढं बेल आणि भंडारा ठेवलेला होता.

"उचल," आप्पासाहेब म्हणाले. "तुजी बायकू गाडीत शिरलेली दिसली हाय. गाडीला तुमी दोगांनी काय केलं न्हाई म्हनून सांग देवाला."

सूर्यभाननं आधी भावाकडं पाहिलं. थट्टा असेल, असं त्याला क्षणभर वाटलं असावं. मग त्यानं डोक्याची टोपी सारखी केली, बेलभंडार उचलला आणि म्हणाला, "गाडीला मी वा माज्या बायकूनं वंगाळ हात लावला असंल, तर माजं वाटुळं हुईल."

रंगुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रतनबाईला वाटलं, झालं, मिटलं. एवढ्यात कानिफनाथांनी घसा खाकरला. आणि आप्पासाहेब म्हणाले, "शपथ घ्यायला काय जिभंला हाड लागतं?"

सूर्यभाननं हातातला भंडारा परत जागेवर ठेवला, बोटं धोतराला पुसली नाहीत, तशीच पिवळी घेऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुपारच्या एसटीनं शेवगावकडच्या एका माणसानं निरोप आणला. मुलाच्या चुलतीच्या कानातली एक कुडी हरवली होती, मोटारीत पडली असेल तर बघावी.

"मी बघते," रंगुबाई म्हणाली आणि उठली.

"थांब. मी बी येते," रतनबाई म्हणाली. सोन्याची कुडी आणि एकटी रंगू, हे तिला नको होतं. रंगुबाईला ते कळलं. ती पुढं निघाली.

गाडी छपराखाली उभी होती. दार उघडल्याबरोबर तो वास आला. पायाखाली, गादीच्या फटीत हात घालून झाला, कुडी सापडेना. "मागची गादी उचलू," रंगुबाई म्हणाली. दोघींनी दोन बाजूंनी धरली. गादी जागची हलेना, आतून चिकटल्यासारखी. जोर लावला तेव्हा करकर आवाज करत ती सुटली आणि धुरळा उडाला.

कुडी खालीच होती. रतनबाईनं झटकन उचलून पदराच्या टोकाला गाठ मारली. पण रंगुबाई कुडीकडं बघतच नव्हती.

"जाऊबाई, हे काय हाय?"

गादीखालच्या खोलगट भागात, कडेकोपऱ्यात, चिखल वाळून बसला होता. तलाव आटल्यावर तळाला पडतात तशा त्याला भेगा होत्या. त्यातून गेलेल्या वायरींचं वरचं कातडं हात लावताच गळून पडत होतं आणि आतली तांब्याची तार हिरवी झाली होती.

रतनबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हिनंच तर आणून टाकला नसेल? काल दार लावून बसली होती ती कशाला? तिनं जावेच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग खाली वाकून चिखलाचं एक ढेकूळ उपटायला गेली. ते निघेना. छपराच्या कुडाला अडकवलेलं खुरपं आणून टोचलं तेव्हा विटेसारखा तुकडा निघाला. त्यात एक गंजका खिळा रुतलेला, गवताची काडी, इवलासा शिंपला. दोघीही नदीकाठच्या गावात वाढलेल्या. हा काही रानातल्या काळ्या मातीचा चिखल नव्हता. पूर येऊन गेल्यावर काठावर उरतो तो गाळ होता, आणि तो काल-परवाचा नव्हता.

"कवाचा असंल ह्यो?" रंगुबाई म्हणाली.

रतनबाई खाली वाकून बघत होती. गाळ निघाला तिथं आतला पत्रा उघडा पडला होता. बाहेरून बिस्किटी दिसणारी गाडी आतून काळीभोर होती.

"रंगू," ती म्हणाली, "काल तू हितं काय करत हुतीस?"

"ऊद फिरवत हुते. मडक्याच्या तुकड्यात निखारा घातला हुता. लई कुबट वास मारत हुता, जाऊबाई. कलाच्या पावन्यांनी नाक मुरडाया नको." रंगुबाई बोलता बोलता थांबली. "मला हितं बघितलं ते पुण्याच्या दाजींनी, का तुमी?"

रतनबाईला खोटं बोलता आलं असतं. दाजींचं नाव घ्यायला जीभ वळलीही होती.

"मी," ती म्हणाली. "मीच सांगितलं ह्यांस्नी."

रंगुबाईनं मान हलवली. राग नाही, रडणं नाही. नुसतं, कळलं, अशी मान हलवली. रतनबाईला ते फार लागलं.

तिनं ते ढेकूळ सुपात घेतलं आणि सरळ माजघर ओलांडून बैठकीत गेली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी अशी गेली नव्हती. आप्पासाहेब आणि कानिफनाथ बोलत होते, उंबऱ्याशी आक्काबाई वाती वळत बसली होती, बाहेर ओट्यावर सूर्यभान पाठमोरा.

"ह्यो गाडीत सापडला," तिनं सूप मधोमध ठेवलं. "मागच्या गादीखाली. पाटीभर आनखी हाय."

आप्पासाहेबांनी ढेकूळ हातात घेतलं, फिरवलं.

"पाण्यातनं नेली असेल," कानिफनाथ पटकन म्हणाले. "ओढ्यातून घातली असेल गाडी. मिलिटरीतली सवय."

ओट्यावरून सूर्यभानचा आवाज आला. "दिवाळीपास्नं वढ्याला पानी कुठं हाय, दाजी?"

"मग... मग कुणी मुद्दाम भरला असेल! वहिनी, तुम्हीच पाहिलंत ना यांना गाडीत शिरताना?"

"बघितलं," रतनबाई म्हणाली. "ऊद घालत हुती ती. ह्यो गाळ खुरप्यानं निगत न्हाई, पत्र्याला धरलाय. खिळं गंजून त्यात बसल्याती. आन आक्का, वरनं बिस्किटी रंग हाय, पन आतनं सगळी गाडी काळी हाय."

आक्काबाईच्या हातातली वात तशीच राहिली.

"काळी?" ती म्हणाली. "काळी मंजी... वखारीच्या शेटजींची?"

"आक्के, तुला काही कळतं का? आत जा," कानिफनाथ ओरडले.

पण शब्द तोंडातून गेला होता. आप्पासाहेब बहिणीकडं वळले. आवाज अजिबात चढवला नाही. "कोन शेटजी, आक्के?"

आक्काबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. पदराचं टोक तिनं तोंडाशी धरलं होतं. "आमच्या गल्लीतलं. लाकडाची वखार हुती त्यांची. पुण्यात धरन फुटून पूर आला न्हाई का, त्या साली त्यांची काळी गाडी टपापातुर पाण्यात बुडाली हुती. पानी वसरल्यावर पोरं बगाया जायची. मग ती वखारीत फळ्यांच्या मागं टाकून दिली हुती कितीतरी वरसं. मला न्हाई ठावं, दादा... ह्यांनी मला सांगितलं, आपली गाडी मुंबैची हाय."

कानिफनाथ हसायचा प्रयत्न करत होते. "अहो, पूर येऊन दहा वर्षं झाली. सगळी उघडून, साफ करून, नवीन वायरिंग... निदान बरंचसं नवीन..." एवढं बोलल्यावर त्यांनाही कळलं की आपण काय बोललो.

रतनबाईला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण आप्पासाहेबांनी ढेकूळ परत सुपात ठेवलं.

"जेवून जा, पावनं," ते म्हणाले. "घरचा जावाई उपाशी पाठवायची रीत न्हाई आमच्यात. यष्टी साडेचारला हाय."

जावयाला उपाशी न पाठवता घालवून देणं कसं असतं, ते रतनबाईनं त्या दिवशी पाहिलं. कानिफनाथांनी मान खाली घालून भाकरी मोडली. निघताना तिनं रीतीप्रमाणं नणंदेची ओटी भरली. आक्काबाई तिचा हात धरून म्हणाली, "वैनी, देवाशप्पत, मला ठावं नव्हतं." रतनबाईनं मान डोलावली. पण गल्लीतली बुडालेली गाडी नवऱ्यानं रंगवून माहेरी पाठवली आणि बायकोला पत्ता लागला नाही, हे तिला खरं वाटत नव्हतं. आणि खोटंही म्हणवत नव्हतं. आदल्या दिवशी तिनं अशाच संशयानं रंगूकडं पाहिलं होतं.

पाहुणे गेल्यावर आप्पासाहेब ओट्यावर आले. सूर्यभानच्या शेजारी बसले. तंबाखू मळायला घेतली.

"झालं गेलं इसर, सूर्या. दाजींनी कान भरलं."

"कान दाजींनी भरलं, पन कान तुमचंच हुतं की, आप्पा."

"म्हनून तर म्हनतो, इसर."

सूर्यभान उठून उभा राहिला. "मी गाडी मोडली असंल, आसं तुमास्नी वाटलं, त्याचं मला काय न्हाई. माणसाला वाटतं. पन मी देवाम्होरं बेलभंडार उचलला, तवा तुमाला पटलं न्हाई. मातीचं ढेकूळ बघितलं, तवा पटलं. आता हितं राहून रोज ढेकळं कुठनं आनू मी?"

आप्पासाहेबांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द येईल, म्हणून रतनबाई दाराआड उभी होती. तो आला नाही. त्यांच्या वडिलांच्याही तोंडून कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान आणि रंगुबाई मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बैलगाडीत अंथरुणं, हंडा, जातं. रंगुबाई रतनबाईच्या पाया पडली. "चूल तेवढी येगळी," ती म्हणाली. वाटणीचा शब्द कुणी काढला नाही, पण गावानं तो आपल्या तोंडानं काढला.

त्यानंतरच्या आठवड्यात गहिनीनाथ आले, एसटीनं, एकटेच. रतनबाईनं कुडी त्यांच्या हातात ठेवली आणि काळजावर दगड ठेवून निरोप ऐकायला दाराशी उभी राहिली.

"मुलगी पसंत हाय," गहिनीनाथ म्हणाले. "घरात लई बोलनं झालं. थोरले म्हनले, गाडी अशी तर घर कसं? तवा आमची मंडळीच बोलली. म्हनली, त्या उन्हात गाडी बंद पडली, तर मुलीच्या चुलत्यानं आदी मला सावलीत बसवलं. स्वता गोण्यांवर उभा ऱ्हायला, आन म्हाताऱ्यांच्या डोईवर सारी वाट आपलं उपरनं धरलं. गाडीला एक शिवी दिली न्हाई, भावावर ढकललं न्हाई. ज्या घरात असा मानूस हाय, तितली पोर आपल्याला चालंल." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "कुठं हाईत सूर्यभानराव? सुपारी त्यांच्या हातनं फुटली पायजे, असा आमच्या मंडळीचा निरोप हाय."

आप्पासाहेबांचा चेहरा रतनबाईला बघवेना. "मळ्यात गेलाय," ते म्हणाले. "आनतो बोलवून."

ते कुणाला पाठवतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी स्वतःच पायात वहाणा घातल्या. मग तिनंही डोक्यावर पदर घेतला आणि मागं निघाली. त्यांनी नको म्हटलं नाही.

गव्हाची सोंगणी चालू होती. सूर्यभान विळा घेऊन तासात वाकलेला. भावाला पाहून तो सरळ झाला. रंगुबाईनं गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पाहुण्याला ठेवतात तसा. आप्पासाहेबांनी गुळाच्या खड्याकडं पाहिलं. ह्या मळ्यात ते पाहुणे कधी नव्हते.

"शेवगावकर आल्याती," ते म्हणाले. "पोर पसंत पडली. सुपारी तुज्या हातनं फोडायची म्हंत्यात." मग खाली बघत, "मी बी म्हनतो."

रतनबाई रंगुबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला जावेचा हात धरायचा होता. धरू का नको, ते कळेना. शेवटी रंगुबाईनंच तिच्या हातातला पदराचा बोळा सोडवला आणि नीट खांद्यावर टाकला.

सूर्यभाननं विळा बांधावर ठेवला. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, तोंड धुतलं, पेंढ्यांवर टाकलेला सदरा झटकून अंगात घातला. गुंड्या लावून झाल्यावर तो भावापुढं येऊन उभा राहिला.

"येतो," तो म्हणाला. "पोरीचा चुलता म्हनून येतो, आप्पा. तुमचा भाऊ म्हनून न्हाई."

आप्पासाहेबांनी गूळ तोंडात टाकला, वर पाणी प्यायले आणि तांब्या रंगुबाईच्या हातात दिला. मग सगळे गावाकडं निघाले. पुढं सूर्यभान, त्याच्या मागं आप्पासाहेब, आणि त्यांच्या मागं दोघी जावा.